वायर माझ्या खिशात होती

दोन हजार सहा साल. माझं वय बासष्ट. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि आमच्या बिल्डिंगीच्या पाण्याची मोटार माझ्या ताब्यात होती.

मोटार ताब्यात असणं म्हणजे काय, हे ज्याच्या ताब्यात कधी काही नव्हतं त्याला कळायचं नाही. अंबरनाथला शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची चार मजल्यांची बिल्डिंग. बारवी धरणाचं पाणी पहाटे खालच्या टाकीत यायचं, ते मोटारीनं वर चढवायचं आणि सहाच्या ठोक्याला नळांना सोडायचं. सेक्रेटरी दुसराच होता, पण तो सहीपुरता. पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. सकाळ-संध्याकाळ मी खाली जाऊन मोटारीवर तळहात ठेवून बघायचो, तापली का. दारावर माझ्या हातची पाटी होती : ‘मोटार एका तासाच्या वर चालवू नये. तिलाही विश्रांती लागते.’ माझं शिक्षण चौथी. पण त्या पाटीतली एक चूक कुणी काढून दाखवावी.

त्याआधी छत्तीस वर्षं मी इथल्याच एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेस मशीनवर काढली. दहाच्या दहा बोटं घेऊन रिटायर झालो. प्रेसवाल्याला विचारा, ही केवढी गोष्ट आहे ते.

घरात आम्ही चार माणसं. मी, बायको, सून आणि पाच महिन्यांची नात. मुलगा गुजरातेत साइटवर, महिन्यातून दोन दिवस यायचा. जाताना त्यानं घरात एक कॉम्प्युटर मांडला आणि टेलिफोनच्या वायरीला एक डबी जोडली. डबीवर हिरवे दिवे लुकलुकायचे. मी तिला हात लावून बघितला. तापायची. पण तिच्या विश्रांतीचं कुणालाच पडलं नव्हतं.

सून आमच्याकडे आली तेव्हा तिचं हसू खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचं. बी.कॉम. झालेली, चटचट बोलणारी. मला मामा म्हणायची, बायकोला आत्या. बाळंतपणानंतर मात्र तिचा आवाजच गेला. दूध उतू जायचं आणि ही समोर उभी राहून बघत बसायची. मी म्हणालो, “रक्त कमी झालंय. पालेभाजी खा.” बायको म्हणाली, “मी चार काढली. दुसऱ्या महिन्यात डोक्यावर पाण्याची कळशी होती.” आमच्या दोघांच्या मते विषय तिथं संपला.

मग ती दुपारची कॉम्प्युटरवर बसायला लागली. दोन ते चार नात झोपायची, तेवढ्या वेळात. नुसती बोटं चालायची. मध्येच हसायची, मध्येच पदरानं डोळे पुसायची. घरात हसायला माणूस नाही, रडायला कारण नाही, आणि ही एका पेटीसमोर दोन्ही करते. एक दिवस मी खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो.

“काय चाललंय?”

“काही नाही मामा. मैत्रिणी आहेत.”

“कुठल्या?”

“एक उल्हासनगरची, एक बदलापूरची, एक नाशिकची. एक तर दुबईची आहे.”

“भेटलीस कधी?”

“नाही.”

“नावं काय त्यांची?”

“खरी नावं नाही सांगत तिथं कुणी.”

छत्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, जो खरं नाव सांगत नाही तो एक तर मालकाचा खबऱ्या असतो, नाही तर उधारी बुडवून आलेला.

“आणि बोलता काय एवढं?”

“मनातलं.”

“मनातलं घरात बोलायचं.”

तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. “घरात कुणाशी, मामा?”

“आत्या आहेत की तुझ्या.”

आतून आवाज आला, “मला वेळ नाही!”

मी पडद्यावर वाचायला गेलो तर सगळी इंग्रजी अक्षरं. ती म्हणाली, “मराठीच आहे मामा, अक्षरं तेवढी इंग्रजी.” मी म्हणालो, “मराठीला स्वतःची अक्षरं नाहीत का? काय गरिबी आलीय तिला?” यावर ती थोडी हसली आणि पडदा मिटवला. पडदा मिटवला ते मला लागलं. माझ्या घरात, माझ्या टेलिफोनच्या लाइनीवर, मला न वाचता येणारं मराठी चाललं होतं.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर आम्ही म्हातारे पायरीवर बसायचो. तिथं विषय काढला. एक जण म्हणाला, “इंटरनेटवरनं बायका घर सोडून जातात. पेपरात येतं.” कुठल्या पेपरात ते त्याला सांगता आलं नाही, पण मला तेवढं पुरलं.

सोमवारी दुपारी वाचनालयात पेपर वाचायला निघताना मी टेबलामागं हात घातला, भिंतीतून डबीकडे जाणारी वायर दोन्हीकडून उपसली, गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात टाकली. वर चष्म्याचं घर ठेवलं. डबीचे दिवे गेले. टेलिफोनही गेला, पण मला कुणाचा फोन येणार होता?

“मामा, लाइन गेलीय,” ती संध्याकाळी म्हणाली.

“कंपनीचं काही खरं नाही,” मी म्हणालो.

खोटं बोलायची मला सवय नव्हती, त्यामुळे ते फार मोठ्यानं बोललं गेलं. मग ते खरं वाटावं म्हणून मी बिल्डिंगीत सगळ्यांपाशी टेलिफोनवाल्यांच्या नावानं बोंबलत फिरलो. इतका की बायकोनं शेजाऱ्यांच्या फोनवरून तक्रार नोंदवली आणि तिसऱ्या दिवशी लाइनमन दारात उभा. तो टेबलाखाली शिरला, बराच वेळ तिथंच राहिला आणि धूळ झटकत बाहेर आला.

“काका, लाइन चांगली आहे. वायरच नाही.”

“उंदरानं नेली असेल,” मी म्हणालो.

“अख्खी?” बायको म्हणाली. “दोन्हीकडच्या पिनांसकट?”

“आजकाल उंदीर मोठे झालेत.”

लाइनमन सरकारी माणूस, त्याला घरगुती भांडणात पडायचं नव्हतं. “नवीन आणून लावा,” म्हणून तो गेला. सुनेनं माझ्या खिशाकडे बघितलं. खिसा चांगलाच फुगला होता. मला वाटलं, आता बोलेल, आणि माझं उत्तर तयार होतं. पण ती नातीला उचलून आत गेली. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर ती केस विंचरेना. नात रडली की उचलायची, पण कुणी दुसऱ्याचं गाठोडं धरायला दिल्यासारखी धरायची. आणि गॅलरीचं दार तिनं लावून घेतलं. नुसती कडी नाही, समोर कपड्यांची ट्रंक ओढून ठेवली. आता गॅलरीतून मला वरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप दिसायचा. गॅलरी बंद म्हणजे माझं अर्धं ऑफिस बंद.

“ट्रंक का ठेवलीय इथं?”

“राहू द्या ना मामा.”

“मला पाइप बघायचा असतो.”

“मला भीती वाटते.”

“गॅलरीची? काय आहे गॅलरीत?” आणि मीच पुढं म्हणालो, “कबुतरांची?”

तिनं ट्रंक आणखी थोडी दाराकडे सरकवली. मग म्हणाली, “हो. कबुतरांची.”

झालं. माझ्या डोक्यात एकदा काम शिरलं की शिरलं. दोन दिवस खपून मी गॅलरीला खालपासून वरपर्यंत जाळी ठोकली. अशी ताणली की बोट जाणार नाही. कबुतरं समोरच्या बिल्डिंगीत राहायला गेली. मी तिला दाखवलं, “बघ. एक शिरणार नाही.” ती म्हणाली, “चांगली झालीय मामा.” आणि ट्रंक परत दाराला लावली.

वायर खिशात घेऊन मला नऊ दिवस झाले होते. त्या दुपारी बेल वाजली. दारात दोन बायका. एक चाळिशीची, गोरी, हातात पापडाचं मोठं पुडकं. दुसरी तिशीची, खांद्याला शबनम पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला.

“मोटारीचे आजोबा इथंच राहतात का?” तिशीची म्हणाली.

“कोण पाहिजे?”

“तुमच्या सूनबाई.”

“नाव काय तिचं?”

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. “नाव नाही माहीत.”

“नाव माहीत नाही आणि सून पाहिजे?”

“हम उल्हासनगरसे आया अंकल,” चाळिशीची म्हणाली. तिचा जीन्स शिवायचा घरगुती कारखाना होता हे पुढं कळलं. “ये बदलापूरसे आयी, उधर गाव में टीचर है. पत्ता नहीं था. बस इतकाच मालूम होता, शिवमंदिर के पास, और ससुर मोटर चलाता है. फूलवाले को पूछा तो बोला, ‘वो? जो रोज पानी पे झगडा करता है? दुसरा माला.’”

बाहेरच्या जगात आपली ओळख आहे हे ऐकून बरंही वाटलं आणि नाहीही.

बदलापूरची शाळेतली बाई म्हणाली, “नऊ दिवस झाले आजोबा. ती रोज दोन वाजता यायची, ती आलीच नाही. तिनं नंबर दिला होता, तो लागत नाही. आम्हाला राहवेना.”

“नऊ दिवसांत तर सख्खी बहीण येत नाही,” माझ्यामागून बायको म्हणाली. आणि मला बाजूला सारून तिनं त्यांना आत घेतलं.

सून नातीला घेऊन बाहेर आली. या तिघींनी एकमेकींना कधी बघितलं नव्हतं. कोण कुठली ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग उल्हासनगरची म्हणाली, “तू ही है ना?” आणि सुनेनं मान हलवली आणि मोठ्यानं, लहान पोरासारखी रडायला लागली. पाच महिन्यांत मी तिचा एवढा आवाज ऐकला नव्हता. बाईनं तिच्या हातातून नात अलगद काढून घेतली, उल्हासनगरचीनं तिला जवळ ओढलं. मी पापडाचं पुडकं धरून उभा होतो, कारण ते कुणी तरी माझ्या हातात दिलं होतं.

जरा शांत झाल्यावर बाईनं पहिलं काय विचारलं असेल? अगदी हळू विचारलं, पण माझे कान प्रेसच्या आवाजातही ऐकायला शिकलेले.

“गॅलरीचं दार बंद आहे ना?”

“आहे.”

“कायम?”

“हो. ट्रंक लावलीय. आणि मामांनी जाळीपण बसवलीय.”

“कबुतरांसाठी,” मी म्हणालो.

मी ट्रंकेकडे बघितलं. मग नातीकडे. मग सुनेकडे. मला कळायला वेळ लागतो, पण कळलं की ते सगळं एकदम कळतं. मी खुर्ची शोधली.

“फोनला काय झालं होतं?” बाईनं विचारलं.

“लाइन...” मी सुरुवात केली.

“वायर उंदरानं नेली,” बायको म्हणाली. “आणि उंदीर तुमच्यासमोर बसलाय.”

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. छत्तीस वर्षं माझे शर्ट तीच धूत होती, नऊ दिवस एकच शर्ट मी तिला धुवायला देत नव्हतो. मी चष्म्याचं घर बाजूला काढलं, मोटारीची किल्ली बाजूला काढली आणि वायर टेबलावर ठेवली. ती वेटोळी सुटून टेबलभर पसरली. मेलेला साप बघावा तशी सगळ्यांनी ती बघितली.

मग बाई बोलली, नीट, वर्गात समजावतात तसं. बाळंतपणानंतर काही बायकांचं असं होतं. तिचंही झालं होतं. हा आजार आहे, उपचार आहे, उल्हासनगरला एक डॉक्टरीण आहे, तिच्या औषधानं आणि बोलण्यानं ती बरी झाली. त्या ग्रुपमधल्या बायका डॉक्टर नाहीत, पण डॉक्टरकडे जायला एकमेकींना ढकलतात. आमची सून तयार झाली होती, पुढच्याच आठवड्यात जाणार होती. तेवढ्यात वायर गेली.

“ये नखरा नहीं है अंकल,” उल्हासनगरची म्हणाली. “मेरा तीन साल किसी को मालूम नहीं पडा. मशीन पे बैठके रोती थी, सब बोलते थे सुई लग गयी होगी.”

मला एवढं सगळं ऐकूनही एक गोष्ट खात होती. माणूस म्हणून मी तसाच आहे. “माझ्याबद्दल काय लिहिलंय तिनं?”

सून खाली बघायला लागली. बाईला पाठ होतं. “‘आमच्या मोटारीच्या खोलीवर पाटी आहे, तिला विश्रांती लागते म्हणून. सासरे दिवसातून दोनदा हात लावून बघतात, तापली का. माझी पाटी कुठं लावू?’ असं लिहिलं होतं. त्याला खूप जणींनी उत्तरं दिली.”

“दुबईहूनसुद्धा?”

“दुबईहूनसुद्धा.”

म्हणजे माझी पाटी समुद्र ओलांडून गेली होती. मी सुनेला विचारलं, “रात्री झोप किती?”

“दोन तास. सलग नाही.”

“किती दिवस?”

“झाली तेव्हापासून.”

“आणि रिलीवर कोण?”

कुणाला कळलं नाही. कारखान्यात एक कायदा असतो. पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीवर, येऊन ‘चार्ज घेतला’ म्हणेपर्यंत मशीन सोडायची नाही. आणि तो एकदा म्हणाला की मग मिनिटभरही थांबायचं नाही. एकदा माझा रिलीवर आला नाही, त्याच्या पुढचाही आला नाही. मी तीन पाळ्या एका दमात काढल्या. शेवटी शेवटी प्रेस खाली यायची तेव्हा माझा हात कुठं आहे हे मलाच कळत नव्हतं. चार्ज दिल्यावर मी बूट बदलायच्या खोलीत जाऊन रडलो. हे मी त्या दुपारीही कुणाला सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितोय. तीन पाळ्या. ही पोरगी पाच महिने मशीनवर होती आणि मी तिची वायर काढून नेली होती.

सोमवारी उल्हासनगरची तिला डॉक्टरीणबाईकडे घेऊन जाणार असं ठरलं. तेवढ्यात बायको म्हणाली, “मीपण येते.”

“तू कशाला?” मी म्हणालो.

ती माझ्याशी बोललीच नाही, सुनेशी बोलली. “दुसऱ्याच्या वेळी मी वर्षभर विहिरीवर गेले नाही. लांबच्या नळावरनं कळशी आणायचे. लोक म्हणायचे, कसली दणकट आहे.”

माझा दुसरा मुलगा तेव्हा चौतीस वर्षांचा होता. चौतीस वर्षांत मला हे कळलं नव्हतं. मी आयुष्यभर समजत होतो की ती दणकट आहे.

त्या दोघी गेल्यावर वायर कुठल्या भोकात कुठली पिन हे मला आठवेना. सुनेनं लावली. हिरवे दिवे आले. तिनं कॉम्प्युटरवर बसून काहीतरी टाइप केलं आणि मला म्हणाली, “लिहिलंय, उंदीर सापडला.” मी चष्मा पुसायला घेतला. तिच्या ओठांचा कोपरा थोडा हसला होता, तो मला घालवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी आंघोळ करून ट्रंकेतून कारखान्याचा खाकी शर्ट काढला. बटणं लागली नाहीत, वरची दोन तशीच सोडली. सुनेच्या खोलीचं दार वाजवलं. ती नातीला घेऊन फेऱ्या मारत होती.

“रिलीवर आलाय,” मी म्हणालो. “चार्ज दे.”

“मामा, तुम्हाला नाही जमणार.”

“मशीनची अवस्था सांग. शेवटचं दूध?”

“पाचला.”

“लंगोट?”

“कोरडा आहे.”

“आवाज कशानं बंद होतो?”

तिला हसू आलं. “उजव्या खांद्यावर घेतली की.”

“चार्ज घेतला. आता डिपार्टमेंटमध्ये थांबायचं नाही. झोप.”

माझी चार पोरं मोठी झाली, पण मी एकही असं खांद्यावर घेतलं नव्हतं. नात भलतीच गरम आणि हलकी होती. दोन मिनिटांत तिनं खाकी शर्ट भिजवला. मी तिला घेऊन खाली पंपाच्या खोलीत गेलो. बटण दाबायला हात लांबवला, तर तिचं डोकं माझ्या मानेत पडलं, झोपली होती. मोटार सुरू झाली की ती जागी होणार. मी हात मागं घेतला आणि उलट्या बादलीवर बसलो.

सहा वाजले. सव्वासहा झाले. वरून खिडक्या उघडायला लागल्या. “ओ आजोबा, पाणी!” कुणी म्हणालं, “मेले की काय?” कुणी म्हणालं, “नाही हो, मेले असते तर आधी पाटी लावली असती.”

दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी अंगणात येऊन एकेकाला नावानं उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी आतून दाराची कडी हळूच लावली. पाणी पावणेसातला सोडलं.